खातं सासूबाईंचं, मेसेज मला

रोजचा खर्च लिहून ठेवायची सवय मला लग्नाआधीपासूनची. आमच्या गल्लीतला बी-बियाण्यांचा दुकानदार दरवर्षी गिऱ्हाइकांना डायरी वाटतो. आमची शेती कधीच बटईने दिलेली, त्यामुळे आम्ही काही त्याचं गिऱ्हाईक नाही, तरी मी जाऊन एक मागून आणते. तारखेखाली दूध, भाजी, ऑटो, भिशी, टँकर असं सगळं उतरवते. लातुरात पाण्याच्या टँकरला खर्चात वेगळी जागा ठेवावीच लागते. माझी नोकरीही तसलीच, एका कॉलेजात फीच्या खिडकीमागे. दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे आणि घरी येऊन आपले. आमचे हे शाळेत मास्तर आहेत. त्यांनी एकदा मारुतीपुढे अकरा रुपये ठेवले आणि मला सांगितले नाहीत, तर त्या अकरा रुपयांचा मेळ बसेपर्यंत मी ताट वाढलं नव्हतं. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण लपवतही नाही.

सांगायचं आहे ते मात्र माझ्या खात्याबद्दल नाही. ते खातं माझ्या सासूबाईंचं.

सासरे मुदखेडला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांचं पेन्शन सासूबाईंच्या नावावर करायचं होतं. तेरावं झालं आणि चार-पाच दिवसांनी मी, माझे दीर आणि सासूबाई मुदखेडच्या बँकेत गेलो. दीर झेरॉक्स काढायला बाहेर गेले होते. अर्ज भरता भरता बँकेतल्या माणसाने विचारलं, "मोबाईल नंबर कुणाचा टाकायचा? आजींकडे फोन आहे का?" सासूबाईंकडे फोन नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हिचा घ्या. ही हिशोबाची हाय."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत चांगलं बोललेलं ते पहिलंच वाक्य. धाकट्या जावेचं मात्र येता-जाता कौतुक व्हायचं. ती किनवटकडची, जंगलातल्या गावची, वसतिगृहात राहून शिकलेली. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटतो, ती कुणाला उलटून बोलत नाही, ती आली आणि घरात हसू आलं, असं काय काय. मी नोकरी करणारी, लातूरला वेगळी राहणारी. माझ्या भाकरीबद्दल कुणी काही बोलत नसे, यातच सगळं आलं. त्या दिवशी बँकेत मात्र जाऊ नव्हती आणि सासूबाईंचं बोट माझ्याकडे होतं.

सासूबाई मुदखेडचं घर भाड्याने देऊन नांदेडला दिरांकडे राहायला गेल्या. खातं मात्र त्यांनी नांदेडला हलवू दिलं नाही. "तिथं मला मास्तरची बायको म्हनून वळखतात. नांदेडात मी कोन?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पेन्शन मुदखेडच्या बँकेत, सासूबाई नांदेडला आणि मेसेज लातूरला, अशी आमची व्यवस्था होती. महिन्याच्या सुरुवातीला माझा फोन वाजायचा. खात्यात अमुक इतके जमा. मी खिडकीमागून उठून व्हरांड्यात जायची आणि नांदेडला फोन लावायची. "आत्याबाई, पेन्शन पडलं." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या म्हणायच्या, "पडलं का? बरं झालं माय." जणू मीच माझ्या पगारातून पैसे दिलेत. मला ते फार आवडायचं.

त्याहून आवडायचा तो नोव्हेंबर. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बँकेत नावांची यादी असते, आपल्या नावापुढे सही केली की पुढचं वर्षभर पेन्शन चालू. सही केली नाही तर बंद. त्याची आठवण करणारा मेसेजही माझ्याच फोनवर यायचा. मी दोन दिवस रजा काढायची, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेडला जायची आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन मुदखेडला. बँकेत त्यांना खुर्ची मिळायची, मास्तरांची आठवण निघायची, त्या सावकाश सही करायच्या आणि मी पिशवी धरून शेजारी उभी. परत आल्यावर जाऊ चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "आक्का, तुमी हाव म्हनून हे समदं होतंय. मला तर बँकेत गेलं की घामच सुटतो." मी "त्यात काय एवढं" म्हणायची आणि चहा प्यायची. वर्षातले दोनच दिवस त्या घरात मी तिच्यापेक्षा मोठी असायची.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी गेले, चार दिवस राहिले आणि कॉलेजात प्रवेशाची गर्दी होती म्हणून परत आले. त्या चार दिवसांचा खर्च माझ्या डायरीत आहे. एसटी जाता-येता, सफरचंदं, शहाळी, दवाखान्याबाहेरचा चहा. मी सासूला पाजलेलं शहाळंही लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी आले आणि जाऊ राहिली. सासूबाईंना वॉकर आला, उठवायला-बसवायला माणूस लागायला लागलं. आधी त्या महिन्यातून एकदा स्लिप भरून पैसे काढायच्या. आता ते जमेना म्हणून एटीएमचं कार्ड काढलं आणि ते जावेकडे गेलं. तेव्हापासून माझा फोन महिन्यातून एकदा वाजायचा तो केव्हाही वाजायला लागला. मेडिकलमध्ये साडेनऊशे. किराणा बाराशे. पुन्हा मेडिकल. साडीचं दुकान, सतराशे. साडीवर मी थांबले. सासूबाई वॉकरवर आहेत, घरात गाऊन घालतात, मग ही साडी कुणाला?

डायरीच्या शेवटच्या पानांवर "टीप" असं छापलेलं असतं आणि तिथे कुणी काही लिहीत नाही. मी तिथे सासूबाईंच्या खात्याचं पान सुरू केलं. तारीख, दुकान, रक्कम. पुढे एक रकाना माझ्या मनाने केलेला: त्यांचा की हिचा. औषधं त्यांची. साडी हिची. किराणा अर्धा-अर्धा. फळांपुढे मी प्रश्नचिन्ह टाकायची. ह्यांनी एकदा ते पान पाहिलं. म्हणाले, "आईचं पेन्शन हाय, ती बघंल. तुझं काय चाललंय?" मी म्हटलं, "कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" ते हसले आणि म्हणाले, "फुकट फौजदार." माझ्या पोटात काय दुखतंय हे त्यांना बरोबर कळलं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मग सोनाराचा मेसेज आला. चार हजार. मला वाटलं काही डागडुजी असेल. पुढच्या महिन्यात त्याच तारखेच्या आसपास पुन्हा चार हजार. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. ही सोनाराकडची भिशी होती. अकरा महिने भरायचे आणि शेवटी वर रक्कम घालून दागिना उचलायचा. पेन्शन पडायचं, मी "पडलं" म्हणून कळवायची आणि आठवडाभरात त्यातले चार हजार सोनाराकडे जायचे. मी मेसेज वाचायची आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या पोरांवर ओरडायची. एका बापाने मला विचारलंही, "मॅडम, आमचं काही चुकलं का?"

मला सोन्याचं एवढं का लागलं, तेही सांगते. लातूरला फ्लॅट घेताना माझ्या पाटल्या मोडल्या. माहेरच्या होत्या, आईने दिलेल्या. तेव्हा मी सासूबाईंना सांगायला मुद्दाम नांदेडला गेले होते. वाटलं होतं, एवढं तरी म्हणतील, की मोडू नको, मी काहीतरी बघते. त्या म्हणाल्या, "घर झालं म्हंजे समदं झालं." बस्स. त्यानंतर माझ्या हातात काचेच्याच बांगड्या आहेत. आणि आता त्याच बाई दर महिन्याला चार हजार सोनाराला देत होत्या, आणि ते माझ्यासाठी नव्हते हे सांगायला ज्योतिषी नको होता.

धनत्रयोदशीला दुपारी मेसेज आला, सव्वीस हजार. तेव्हा सोनं अजून साठ हजारांच्या आसपास होतं. मी तोंडी हिशोब केला. अकरा चोक चव्वेचाळीस आणि सव्वीस, सत्तर. तोळाभराचं काहीतरी आणि घडणावळ. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. जाऊ हातात पणत्यांचं ताट धरून उभी आणि मनगटात दोन सोन्याच्या बांगड्या. बारीक होत्या, पण सोन्याच्या. सासूबाई मागे खुर्चीत बसलेल्या, गाऊनवर नवी शाल. सगळ्यांनी खाली फुलं टाकली. मीही अंगठा आणि गुलाब टाकला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कणकेवर राग काढला. मुलगी म्हणाली, "आई, पोळ्या आज कडक झाल्यात." मला भयंकर हेवा वाटत होता. चाळिशी उलटून गेलेली बाई मी, नोकरी करणारी, आणि दोन बारीक बांगड्यांसाठी माझा जीव जळत होता.

आठवड्याभराने हयातीच्या दाखल्याचा मेसेज आला. आपल्या शाखेत येऊन महिनाअखेरपर्यंत नोंद करावी, अन्यथा निवृत्तिवेतन थांबेल. मी खिडकीमागे होते. दरवर्षी मी त्याच मिनिटाला नांदेडला फोन लावायची. या वर्षी फोन पालथा घातला. मनात म्हटलं, जिने बांगड्या घातल्या तिला कळू दे की पैसा नुसता येत नसतो, त्यासाठी कुणाला तरी धावावं लागतं. दोन-चार दिवसांनी सांगू. तिला जरा शोधाशोध करू दे.

चार दिवसांनी जावेचाच फोन आला. तिचं दुसरंच काही काम होतं, ते झाल्यावर म्हणाली, "आक्का, आत्याबाई ईचारून राहिल्या, तुमी कधी येताव? नोव्हेंबर अर्धा सरला न्हवं का?" आता बोलायचं. नुसतं "मेसेज आलाय" म्हटलं असतं तरी ती दिरांबरोबर त्यांना घेऊन गेली असती. मी म्हटलं, "सुट्टी मिळत नाहीये गं. बघते. कळवते तुला." ती म्हणाली, "हाव, तुमी कळवा मग जाऊ."

दुसऱ्यांदा मेसेज आला तो शेवटच्या आठवड्यात. तोही मी वाचला. आता नुसता फोन करून भागणार नव्हतं, आधीचं का नाही सांगितलं हे विचारलं गेलं असतं. मी स्वतःशी म्हणत राहिले की त्यांना आठवेल, बँकवाले सांगतील, दीर कुठेतरी ऐकतील. नोव्हेंबर संपला त्या दिवशी मी डायरीत दूध, भाजी, ऑटो लिहिलं आणि शेवटचं पान उघडलं नाही.

डिसेंबरात नोव्हेंबरचं पेन्शन पडलं होतं. जानेवारी उजाडला आणि पेन्शनचा मेसेज आला नाही. पहिल्या तारखेला नाही, तिसऱ्याला नाही, पाचव्याला नाही. त्यांच्या घरात अजून कुणाला पत्ता नव्हता आणि मला लातूरला बसून कळलं होतं की पेन्शन थांबलं. खात्यातली शिल्लक किती हेही मला ठाऊक होतं. बांगड्यांनी खातं कोरडं झालं होतं. जेमतेम हजारभर उरले होते. मी तेव्हाही फोन केला नाही.

जावेचा फोन आठ तारखेला आला. ती मेडिकलच्या दुकानातून बोलत होती. "आक्का, कार्ड चालंना बगा. तीन डाव लावलं. अठराशे झालेत, मागं लाईन लागलीय. पेन्शन पडलं न्हाई का?"

"नाही पडलं. मेसेज नाही आला," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

"मग आता कसं करू? ह्यांचा पगार दहाला व्हतो. चार दिसाच्याच गोळ्या घेते, बाकीच्या ठिवते हितंच."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. तीन वेळा मशीनमध्ये घातलेलं ते कार्ड, मागची रांग आणि काउंटरवर हात ठेवून उभी असलेली ती, बांगड्यांसकट, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि बरं वाटलं. दुपारी दिरांनी बँकेला फोन लावला तेव्हा त्यांना कळलं, की हयातीची सही झालेली नाही. संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः फोन मागून घेतला. हसतच सुरुवात केली. "अगं, मी मेले म्हनं कागदावर. तुला सुतक लागलं का न्हाई?" मीही हसल्यासारखं केलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "पोराकडं मागावं लागंल का गं आता? गोळ्या लई महागाच्या हायत. मास्तर गेले तवापासून मी कुनाला रुपाया मागितला न्हाई."

ते ऐकलं आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. जावेला धडा शिकवायला निघाले होते आणि चार दिवसांच्याच गोळ्या आल्या होत्या सासूबाईंच्या वाट्याला. ज्या बाईने सगळ्या बँकेसमोर माझ्याकडे बोट केलं होतं, तिला मी लेकापुढे हात पसरायला लावत होते. मी म्हटलं, "नाही आत्याबाई, मी उद्या येते. परवा जाऊन सही करू." त्या म्हणाल्या, "ये माय. मी म्हनतच व्हते, ती येईल."

दुसऱ्या दिवशी पोचले, तिसऱ्या दिवशी सकाळी मुदखेडला निघायचं होतं. मी उठून आवरलं तर न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता आणि जाऊ सासूबाईंना अंघोळ घालत होती. दार लोटलेलं. "हात वर करा. आसं. डोळे मिटा, साबन हाय." सासूबाई काहीतरी कुरकुरत होत्या आणि ती लहान पोराशी बोलावं तसं बोलत होती. बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर तिने दोन बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक उचलली. तळहातावर वजन घेतलं. मग हातात घालून पाहिली. अंगठ्याच्या हाडापाशी ती अडली, मी थोडा जोर लावला, तेवढ्यात आतून हाक आली, "आक्का, तेवढा टावेल द्या की." मी बांगडी ओढून काढली, कट्ट्यावर होती तशी ठेवली आणि टॉवेल दिला. दार उघडलं तेव्हा सासूबाई स्टुलावर उघड्या बसलेल्या, ऑपरेशनचा लांब व्रण दिसत होता आणि जाऊ गुडघ्यांवर बसून त्यांचे पाय पुसत होती. साडी अर्धी भिजलेली. दीड वर्ष रोज हे चालू होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणजे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण माझ्या शेवटच्या पानावर त्याला रकाना नव्हता.

दिरांनी ओळखीतली गाडी सांगितली होती. त्यांना कामावर जायचं होतं म्हणून आम्ही तिघीच निघालो. बँकेत सासूबाईंना वॉकरसह आत न्यायलाच दहा मिनिटं गेली. टेबलामागे आता नवा माणूस होता, तरुण, मास्तरांना न ओळखणारा. तरी बोलायला नीट होता. त्याने आजींची सही घेतली, थांबलेलं पेन्शन पुढच्या महिन्यात फरकासह जमा होईल असं सांगितलं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. काम झालं होतं. मी पिशवी उचलली.

तो माणूस सहज म्हणाला, "आजी, नोव्हेंबरात यायचं होतं ना. आम्ही दोनदा मेसेज पाठवले."

जाऊ लगेच म्हणाली, "मेसेज आलाच नसंल साहेब. नंबर आमच्या आक्कांचा हाय. त्या लई हिशोबाच्या हायत, त्यांच्याकडनं आसं ऱ्हायचं न्हाई. आमी त्यांच्या फोनची वाट बघून ऱ्हायलो व्हतो."

त्याने संगणकात पाहिलं. "दोन्ही गेलेले दिसतात. नंबर बरोबर आहे का बघा." आणि त्याने माझ्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचले.

"कधीकधी रेंज नसती," जाऊ म्हणाली. "लातूरला त्यांच्या कॉलेजात तर—" ती माझ्यासाठी भांडत होती.  सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आला हुता का?"

रेंज नव्हती म्हणायला काहीच लागत नव्हतं. जावेने उत्तर तयार करून हातात दिलं होतं. मी म्हटलं, "आला होता."

"दोनी?"

"दोन्ही."

 जावेला आधी कळलंच नाही. सासूबाईंना मात्र लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "बांगड्याचा राग का?"

मी मान खाली घातली. तो माणूस उगाच कागद लावायला लागला.

"तुला समदे मेसेज जातात, ते मला ठावं न्हाई व्हय?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, रोजच्यासारखाच होता. "नंबर बदला म्हनून पोरगा दोन डाव म्हनला. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. हिला दिलं ते तुझ्या म्होरं दिलं, मागं न्हाई. उद्या कुनी म्हनू नये की म्हातारीचं खाल्लं. तू बघायलीस म्हनून मला काळजी नव्हती."

"आत्याबाई, चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही मला कधी..."  पाटल्यांचं बोलणार होते. त्या स्टुलावरच्या अंघोळीनंतर ते तोंडातून निघेना.

जावेने पदर ओढून घेतला आणि बांगड्यांचा हात त्याखाली गेला. एवढंच केलं तिने.  शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सासूबाई टेबलाकडे वळल्या. "साहेब, नंबर बदलायचा हाय. हिचा घ्या."

या वेळी बोट जावेकडे होतं. "मला नको आत्याबाई," ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय?" पण त्यांनी अर्ज मागून घेतला. नंबर जावेने सांगितला, तो माणसाने भरला, सासूबाईंनी सावकाश सही केली. मी पिशवी धरून शेजारी उभी होते. मला वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, त्या बोटाचा हेवाही वाटत होता.

गाडीत सासूबाई मध्ये बसल्या, आम्ही दोघी दोन बाजूंना. मुदखेड मागे पडलं. मग जावेचा फोन वाजला. तिने पडद्याकडे पाहिलं आणि सवयीने, काही न आठवता, तो सासूबाईंच्या पुढून माझ्याकडे धरला. "आक्का, बँकेचं हाय वाटतं. इंग्रजीत हाय. काय लिवलंय बगा की."

मी हात पुढे केला.

सासूबाईंनी तो फोन मधेच धरला आणि जावेच्या मांडीवर परत ठेवला. "ऱ्हाऊ दे," त्या समोर बघत म्हणाल्या. "घरी गेल्यावर पोरगा वाचंल."